मध, दर दहा मिनिटांनी

“काटोच तो. दुसरा काय आसतला?” असं म्हणत सुभद्राने नातीला माझ्या ओटीवर आणून उभं केलं.

दुर्वा काही बोलली नाही. तिची हनुवटी ओली होती, फ्रॉकचा गळाही ओला होता. तोंडात आलेली लाळ गिळायची सोडून ती बाहेर येऊ देत होती.

गौरी-गणपती आदल्या दिवशी पाण्यात गेले होते. श्रावण लागल्यापासून आमच्या वाडीत मासळीचं नाव निघालं नव्हतं. त्यामुळे त्या दिवशी सकाळपासून घराघरांतून माशाच्या कढीतल्या तिरफळाचा वास येत होता आणि दुपारी जो तो ताटावर तुटून पडला होता. अशा दिवशी एखाद्या पोराच्या घशात काटा अडकतोच. वाडीला त्याचं नवल नसतं आणि त्यावरचं औषधही प्रत्येक घरात ठरलेलं असतं.

“भाताचो गोळो दिलंय. केळा दिलंय. गिळूकच तयार नाय,” सुभद्रा म्हणाली. “बाई, तुम्ही सांगा तिका. तुमचा ऐकता ती.”

मी दुर्वासमोर खाली बसले. शाळेतून निवृत्त झाल्यावर दुपारची मी वाडीतल्या पोरांना ओटीवर जमवून गोष्टी सांगत असे. दुर्वा त्यांतली सगळ्यात धाकटी, चार वर्षांची. मी पोरांना एक सवय लावली होती. कोणी काही सांगितलं की विचारायचं, कशावरून? मोठी पोरं चार दिवसांत विसरली. दुर्वाने मात्र तो शब्द असा धरला की घरचे वैतागले. पाऊस येणार म्हटलं, कशावरून? मांजरीला पिल्लं होणार, कशावरून? तिचा बाप ट्रॉलरवर तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख होता. तो फोनवर म्हणाला, मला तुझी आठवण येते, तर त्यालाही कशावरून. सुभद्रा मला म्हणायची, “ह्या तुमचा शिक्षाण तुमीच निस्तरा.”

“दुर्वा,” मी म्हटलं, “काटा कुठे टोचतोय, बोटाने दाखव बघू.”

तिने बोट गळ्यावर ठेवलं नाही. गळ्याच्या खाली, छातीच्या वर जी खळगी असते तिथे ठेवलं.

“बघितलास? काटो खाली गेलो,” सुभद्रा म्हणाली. “आजून एक केळा दिला की झाला.”

“केळं राहू दे,” मी म्हटलं. “तिने एकदाही विचारलं नाही, काटा कशावरून. आपण दवाखान्यात जाऊ.”

“त्या मुजावर मॅडमकडे? ती सुई तरी देता काय?”

वाडीची मुख्य तक्रार हीच होती. आमच्या ग्रामीण रुग्णालयात डॉक्टर शबनम मुजावर यांना येऊन वर्ष झालं होतं. मूळच्या मिरजेकडच्या. वय तिशीच्या आत, आवाज हळू. सर्दीला सुई देत नसत, अशक्तपणाला सलाईन लावत नसत. पेशंट नसले की खुर्चीत बसून मोबाईलमध्ये डोकं घालत. लोक म्हणत, मॅडम दिवसभर व्हिडिओ बघतात. एकदा मी वाकून बघितलं होतं. बारीक अक्षरांची पानंच्या पानं होती, मध्ये तक्ते. मी विचारलं, “परीक्षा आहे का?” तर हसल्या. “रोजच असते, बाई,” म्हणाल्या.

रिक्षाने आम्ही दवाखान्यात पोचलो. तिथे भोगटे सिस्टर होत्या. आमच्या दवाखान्यात डॉक्टर येत-जात, भोगटे सिस्टर मात्र कायमच्या. अर्ध्या तालुक्याच्या नाळा त्यांनी कापल्या होत्या. त्यांनी बॅटरी मारून दुर्वाचा घसा पाहिला. “काटा दिसत नाही. खाली सरकला असेल,” म्हणाल्या.

मुजावर मॅडमनी घसा पाहिला, छातीला नळी लावली, आणि मग सुभद्राकडे वळल्या.

“आजी, मासा खायच्या आधी ही बरी होती?”

“बरी होती म्हणजे? नाचत होती.”

“आधी काय खाल्लं होतं तिने?”

“सकाळी चाय-चपाती. मग पेज दिलंय, ती नको म्हणाली. कधी नाय ती पेज नको म्हणाली.”

आमच्याकडे पेज म्हणजे सकाळच्या न्याहारीनंतर आणि जेवणाच्या आधी घ्यायची भाताची खिमट. पोरं त्यावर मीठ-लोणचं घेऊन वाटी चाटून ठेवतात.

“नको म्हणजे कशी? पोट भरलं म्हणून?”

“एक चमचो घेतल्यान आणि बाहेर काढल्यान.”

मॅडमनी वेळा बोटांवर मोजल्या. “म्हणजे पेजेच्या वेळी आतमध्ये काहीतरी होतं. मासा जेवणात आला. मग काटा पेजेच्या आधी कसा अडकेल, आजी?”

सुभद्रा माझ्याकडे बघू लागली. मलाही हे सुचलं नव्हतं. मासळीच्या वासाने आम्हा सगळ्यांचं डोकं एकाच बाजूला गेलं होतं.

“एक्स-रे काढू,” मॅडम म्हणाल्या.

एक्स-रे निघेपर्यंत दुर्वाची आई प्रणाली काजूच्या फॅक्टरीतून धावत आली. बोटं काजूच्या चिकाने काळी पडलेली. मॅडमनी फिल्म खिडकीच्या उजेडाला धरली. बरगड्यांच्या पिंजऱ्यात, वरच्या बाजूला, पांढराशुभ्र वाटोळा चंद्र होता.

“रुपाया,” सुभद्रा म्हणाली.

“नाणं आहे,” भोगटे सिस्टर म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजातला ताण उतरला. “घाबरू नको गं प्रणाली. माझ्या हाताखालून अशी कितीतरी पोरं गेलीत. नाणं बहुतेक वेळा उतरतं. उद्या पुन्हा एक्स-रे काढू, हो ना मॅडम?”

मॅडम खिडकीच्या आणखी जवळ गेल्या. फिल्म डोळ्यांजवळ नेली, लांब नेली. मग मला म्हणाल्या, “बाई, कड बघा. काय दिसतं?”

का कोण जाणे, मला विचारलं. मी चष्मा पुसून पाहिलं. “गोल आहे. आणि… आतल्या बाजूला आणखी एक गोल आहे. कडेला लागून. बशीला असतो तसा.”

“नाण्याला असा दुसरा गोल नसतो. नाणं सगळीकडे सारखं. ही वरचं झाकण आणि खालची वाटी यांची कड आहे.” त्या प्रणालीकडे वळल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखाच हळू होता, पण आता त्या भरभर बोलत होत्या. “घरात बटणासारखी चपटी बॅटरी कशात आहे? घड्याळ, खेळणं, रिमोट?”

“नाय ओ, आमच्याकडे तसला काय…” प्रणाली थांबली. “मखरातले दिवे. गणपतीपुढे लावतात ते, बॅटरीचे. सकाळी मी मखर सोडत होते. एका दिव्याचा बूड उघडा होता. मला वाटलं, बॅटरी खंयतरी पडली.”

“सकाळी किती वाजता?”

“फॅक्टरीत जायच्या आधी. साडेनऊ-पावणेदहा.”

मॅडमनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. एक वाजून गेला होता.

“सिस्टर, गाडी काढायला सांगा. कोल्हापूर. १०८ कुठे आहे बघा.”

१०८ महामार्गावर अपघाताला गेली होती. दवाखान्याची स्वतःची गाडी होती, तिच्या ड्रायव्हरला जेवणावरून उठवलं. तेवढ्या वेळात मॅडमनी कोल्हापूरच्या मोठ्या हॉस्पिटलात फोन लावला, आणि फोन लागेपर्यंत प्रणालीला सांगितलं. लपवलं काही नाही. नाणं नुसतं बसून राहतं, ही बॅटरी बसून राहत नाही. ओल्या मांसाला टेकली की तिच्यातून वीज वाहते आणि जिथे टेकते तिथे ती जागा जळत जाते, बॅटरी फुटली नसली तरी. अन्ननलिकेला भोक पडू शकतं. शेजारून आवाजाची नस जाते, तिला इजा होऊ शकते. दुर्बीण घालून ती काढायला हवी आणि ती सोय कोल्हापूरला आहे.

“पोहोचायला किती वेळ?” प्रणालीने विचारलं.

“करूळ घाट मोकळा असेल तर सव्वातीन तास,” दारातून ड्रायव्हर म्हणाला.

प्रणाली खाली बसली. मॅडम तिच्याजवळ उकिडव्या बसल्या. “ऐक. रस्त्यातही आपल्याला एक गोष्ट करता येते.” मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, “बाई, जवळ मध कुठे मिळेल?”

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात चूक झाली.

“मध,” त्या पुन्हा म्हणाल्या. “आजीच्या घरचा, दुकानातला, कुठलाही. लगेच.”

“मॅडम,” भोगटे सिस्टर पुढे आल्या. “पोर भुलीखाली जाणार आहे. तोंडाने काही द्यायचं नाही. पाणीसुद्धा नाही. हे मी तुम्हाला सांगायचं?”

“नियम बरोबर आहे, सिस्टर. पण इथे वेगळं आहे.”

“भुलीत उलटी झाली आणि फुप्फुसात गेली तर? जबाबदार कोण?”

“मी.”

मी पुढचं ऐकायला थांबले नाही. समोर पाध्यांचं किराणा दुकान होतं. पाध्ये म्हणाले, “बाई, मध गणपतीत संपला. पंचामृताला सगळ्यांनी नेला. एक बाटली आहे, ती भटजींनी सत्यनारायणाला सांगून ठेवलीय.”

“भटजींना म्हणावं, परुळेकर बाईंनी नेली,” मी म्हटलं आणि ती बाटली उचलून निघाले.

परत आले तेव्हा मॅडम फोनवर होत्या. फोन स्पीकरवर होता, कारण त्या दुसऱ्या हाताने चिठ्ठी लिहीत होत्या. पलीकडे कोल्हापूरचे डॉक्टर देशमाने होते. माणूस वयाने मोठा वाटत होता.

“पाठवा, पाठवा. थिएटर तयार ठेवतो. उपाशी ठेवा.”

“सर, मी रस्त्यात मध देतेय. दर दहा मिनिटांनी दोन चमचे, सहा वेळा.”

“काय देताय?”

“मध.”

“मॅडम, तुम्ही ग्रामीण रुग्णालयात आहात की आजीबाईच्या बटव्यात?”

सिस्टर मान वळवून उभ्या राहिल्या. मला मॅडमसाठी लाज वाटली. त्यांना मात्र वाटलेली दिसली नाही.

“सर, यावर काम झालंय. प्रयोगशाळेत आणि प्राण्यांवर. लाळ, सरबतं, दोन-चार औषधं, मध, सगळं शेजारी शेजारी लावून पाहिलंय. मधाने जखम कमी खोल झाली. तो जागेवर चिकटून राहतो आणि थोडा आंबट असतो, त्यामुळे बॅटरीच्या कडेला जो दाहक थर तयार होतो तो सौम्य होतो. मार्गदर्शक सूचनांतही आता आलंय. एक वर्षाच्या वरचं मूल, बारा तासांच्या आत, गिळू शकत असेल तर. काढायला उशीर मात्र करायचा नाही.”

“माणसांच्या पोरांवर केलंय का?”

“नाही, सर. तसा प्रयोग कोण करू देईल? पोरांवरचा पुरावा कमी आहे. पण समोर सव्वातीन तासांचा रस्ता आहे. मध दिला आणि काही उपयोग झाला नाही, तर पोटात थोडा मध जास्त. तुमच्या भूलतज्ज्ञांना तेवढं सांभाळावं लागेल. नाही दिला, तर ती बॅटरी सव्वातीन तास तशीच जाळत बसणार. मी दोन्ही बाजू तोलल्या, सर. मी तुम्हाला तो लेख आत्ता पाठवते. तुम्ही नको म्हणालात तर नाही देणार.”

पलीकडे पेनचं टोपण उघडल्याचा आवाज आला.

“लिहून द्या,” देशमाने म्हणाले. “काय दिलं, किती वाजता. आणि लेख पाठवा.”

फोन ठेवल्यावर मॅडमनी मला गाडीकडे नेलं. त्या स्वतः येऊ शकत नव्हत्या. दवाखान्यात दुसरे डॉक्टर रजेवर, आणि आत प्रसूतीची एक बाई कळा देत होती. “सिस्टर येतील बरोबर. आणि बाई, तुम्ही चला. दुर्वा तुमचं ऐकते असं आजी म्हणाल्या. जबरदस्ती करून नाकात-घशात जाऊ द्यायचं नाही. ठसकली, रक्त आलं, की थांबायचं. आणि सहा वेळा म्हणजे सहाच वेळा.”

सुभद्राला गाडीत जागा नव्हती. ती दाराला धरून उभी होती. “सुई नाय, सलाईन नाय. कोल्लापुराक धाडतंत आणि मध देतंत,” ती म्हणाली. “मध काय माझ्या घराक नव्हतो?”

“तुमच्या घरी भात होता, केळं होतं आणि मधही होता, आजी,” मॅडम म्हणाल्या. “कशावर काय द्यायचं, एवढंच मला वाचून कळलं.”

पहिला मध मॅडमनी स्वतः गाडीतच दिला. मग गाडी सुटली.

भोगटे सिस्टर माझ्यासमोर बसल्या होत्या. तोंड घट्ट मिटलेलं. मला वाटलं, आता या बोलणार नाहीत. पण थोड्या वेळाने मनगटातलं घड्याळ त्यांनी उलटं करून आतल्या बाजूला घेतलं आणि म्हणाल्या, “दहा झाली. द्या.” दुसऱ्या वेळीही तसंच, तिसऱ्या वेळीही. एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही. पटलं नव्हतं, पण काम हातात घेतल्यावर ते अर्धं करणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या.

तळेऱ्याच्या पुढे चौथ्या वेळी दुर्वाने तोंड मिटलं. चमचा ओठांना लागला की मान फिरवायची. प्रणालीने लाडीगोडी लावली. बाबा बोटीवरून बाहुली आणतील म्हणाली. मग रडू लागली. गाडी हलत होती आणि चमच्यातला मध माझ्या पदरावर सांडत होता.

“धरू का नाक?” सिस्टर म्हणाल्या. मग स्वतःच म्हणाल्या, “नको. मॅडम नको म्हणाल्यात.”

दुर्वा माझ्याकडे बघत होती. तिचे ते डोळे मी ओळखत होते. ओटीवर मी एखादी गोष्ट अर्धवट सांगितली की ती अशीच बघायची. सकाळपासून आम्ही सगळ्यांनी तिला घे, गिळ, उघड एवढंच सांगितलं होतं. का, ते कुणीच सांगितलं नव्हतं.

मी चमचा खाली ठेवला. बाटलीचं झाकण तिच्या तळहातावर उपडं ठेवलं.

“ही बॅटरी,” मी म्हटलं. “हा हात म्हणजे तुझा घसा आतून. बॅटरी इथे बसलीय आणि चटका देतेय. म्हणून दुखतंय. कळलं?”

तिने मान हलवली.

मी झाकण उचललं, तिच्या तळहातावर बोटाने मधाचा थेंब पसरला आणि झाकण पुन्हा ठेवलं. “आता मध्ये मध आहे. चटका आधी मधाला बसतो. पण मध हळूहळू खाली वाहून जातो. म्हणून दहा मिनिटांनी पुन्हा.”

तिने झाकण उचलून खालचा चिकटपणा पाहिला. परत ठेवलं. परत उचललं. आणि मग माझ्याकडे बघून तोंड उघडलं.

सिस्टरनी खिडकीबाहेर बघितलं. “पाच मिनिटं उशीर झाला,” त्या म्हणाल्या, “पण चालेल.”

सहावा मध वैभववाडीच्या आसपास संपला. पुढे घाट. घाटात दरड उतरली होती आणि एका बाजूनेच गाड्या सोडत होते. आमची गाडी थांबली. प्रणाली म्हणाली, “अजून द्या ना, बाई. बाटली अर्धी आहे.” माझाही हात बाटलीकडे गेला होता. खरं सांगायचं तर मलाही वाटत होतं, चांगली गोष्ट आहे तर दिली म्हणून काय बिघडतं.

“सहा म्हटलंय,” भोगटे सिस्टर म्हणाल्या. त्यांनी माझ्या हातातली बाटली काढून घेतली आणि स्वतःच्या पिशवीत घातली. मग गाडीतून उतरून पुढे चालत गेल्या. सायरन वाजवून जे झालं नव्हतं ते त्यांच्या आवाजाने झालं. दहा गाड्या मागे सरल्या.

कोल्हापुरात हॉस्पिटलच्या दारातच एक उंच, टक्कल पडलेले गृहस्थ उभे होते. स्ट्रेचर येईपर्यंत त्यांनी वाट पाहिली नाही, गाडीचं दार स्वतः उघडलं.

“शेवटचा मध किती वाजता?”

सिस्टरनी घड्याळ न बघता सांगितलं. सहाही वेळा सांगितल्या, चौथ्याला पाच मिनिटं उशीर झाल्यासकट. देशमान्यांनी मागे उभ्या असलेल्या भूलतज्ज्ञाकडे बघून मान हलवली आणि दुर्वाला आत नेलं.

आम्ही तिघी बाकावर बसलो. प्रणालीच्या बोटांना काजूच्या चिकाबरोबर मध लागला होता. ती बोटं एकमेकांवर घासत होती. सिस्टर म्हणाल्या, “माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षी एक पोर असंच आलं होतं. तेव्हा नाणंच समजले सगळे. डॉक्टर चांगले होते. कुणाला माहीतच नव्हतं.” त्या पोराचं पुढे काय झालं, ते मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

देशमाने बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात एक छोटी डबी होती. तिच्यात काळी पडलेली चकती होती.

“निघाली. जखम आहे, पण वरवरची. भोक नाही. पंधरा दिवस तरी जपावं लागेल. आवाजाचं आत्ताच सांगता येणार नाही. नस सुजली असेल, किंवा…” ते प्रणालीकडे बघून थांबले. “बघू. एवढ्या तासांनी आलेली मुलं मी पाहिलीयत. यापेक्षा फार वाईट पाहिलीयत.”

“मधामुळे का हो, सर?” भोगटे सिस्टरनी विचारलं.

“ते तुमच्या मॅडमना विचारा,” देशमाने म्हणाले. “तुम्ही घाटात असताना मी तो लेख दोनदा वाचला. माझ्याच विषयाचा, आणि मला तो तुमच्या दवाखान्यातून कळला.”

दुर्वाला काही दिवसांनी घरी सोडलं. पातळ खात होती, हसत होती, मांजरीच्या मागे पळत होती. पण बोलत नव्हती. घशातून नुसती हवा यायची. पोरं ओटीवर जमली की ती माझ्या मांडीला टेकून बसायची. मी म्हणायचे, आज पाऊस येणार, आणि मुद्दाम थांबायचे. बाकीची पोरं तिच्याकडे बघायची. ती नुसती बघायची.

वाडीत मात्र मधाचा बोलबाला झाला. मॅडम व्हिडिओ बघतात हे लोक विसरले. काटा अडकला, मध. पोट दुखलं, मध. खालच्या वाडीतल्या एका आजीने चार महिन्यांच्या नातवाला मध चाटवायला घेतला. मुजावर मॅडमना कळलं तशा त्या स्वतः चालत तिच्या घरी गेल्या आणि तो मध तिच्या हातातून काढून घेतला. वर्षाच्या आतल्या बाळाला मध द्यायचाच नाही, त्याने बाळ लुळं पडू शकतं, हे त्या घरोघर सांगत फिरल्या. लोक गोंधळले. मॅडमनीच दिला आणि मॅडमच नको म्हणतात.

तपासणीच्या दिवशी आम्ही सगळ्याच दवाखान्यात गेलो. सुभद्राने नवी साडी नेसली होती. तिच्या हातात मधाची बाटली होती, दुकानातली नव्हे, डोंगरातल्या पोळ्याचा काळपट दाट मध, फडकं बांधलेला. तिने ती मॅडमच्या टेबलावर ठेवली.

“ह्या तुमका,” ती म्हणाली. “तेव्हा मी कायबाय बोललंय. मनात ठेवू नका. माझा चेडू मधान वाचला.”

मॅडम दुर्वाला उंच स्टुलावर बसवून तिचा घसा बघत होत्या. भोगटे सिस्टर ट्रे घेऊन बाजूला उभ्या होत्या.

“कशावरून?”

आवाज इतका खरखरीत होता की आधी मला तो कुणाचा ते कळलंच नाही. पत्र्यावरून काठी ओढावी तसा. प्रणालीने तोंडावर हात घेतला. सिस्टरनी ट्रे टेबलावर ठेवला, आणि तो ठेवताना वाजला. सुभद्रा तर तशीच उभी राहिली, हात अजून बाटलीवर.

दुर्वा आजीकडे बघत होती. उत्तर येत नाही म्हटल्यावर तिने मॅडमकडे पाहिलं आणि पुन्हा विचारलं. या वेळी जरा मोठ्याने.

“मधान वाचले कशावरून?”

कुणीही दुसरं असतं तर तिला उचलून घेतलं असतं, आवाज आला म्हणून. मॅडमचे डोळे भरले होते, ते मी पाहिलं. पण त्यांनी नळी गळ्यातून काढून टेबलावर ठेवली, खुर्ची ओढली आणि दुर्वाच्या डोळ्यांसमोर डोळे येतील अशा बसल्या.

“मला माहीत नाही, दुर्वा,” त्या म्हणाल्या.

“असा काय म्हणता, मॅडम?” सुभद्रा कळवळून म्हणाली.

“खरंच नाही माहीत, आजी. कदाचित बॅटरीत जोर कमी होता. कदाचित ती चांगल्या बाजूने बसली होती. कदाचित देशमाने सरांचा हात चांगला म्हणून. कदाचित मध. एकच दुर्वा आहे ना. मध दिलेली दुर्वा आणि न दिलेली दुर्वा अशा दोन असत्या, तर शेजारी ठेवून बघितलं असतं.”

दुर्वाने विचार केला. दोन दुर्वा तिला आवडल्या असाव्यात, थोडी हसली. मग कपाळाला आठ्या पडल्या.

“मग दिला कशाला?”

“कारण बऱ्याच लोकांनी खूप कष्ट घेऊन बघून ठेवलं होतं, की मधाने बहुतेक चटका कमी होतो. त्या दुपारी कुणालाच त्याहून जास्त माहीत नव्हतं. जेवढं माहीत होतं, तेवढं तुला मिळायला हवं होतं. कोल्हापूरच्या पोरीला मिळतं तेवढंच.”

दुर्वाने टेबलावरून ती बाटली दोन्ही हातांनी उचलली. मला वाटलं, घरी न्यायचीय. पण ती खाली उतरली, भिंतीजवळच्या काचेच्या कपाटापाशी गेली आणि सिस्टरकडे बघून उभी राहिली.

सिस्टरनी कपाट उघडलं. दुर्वाने बाटली खालच्या फळीवर, पट्ट्या आणि सलाईनच्या नळ्यांच्या शेजारी ठेवली.

“आसांदे,” ती तिच्या त्या खरखरीत आवाजात म्हणाली. “दुसऱ्या कोणी गिळली तर.”

भोगटे सिस्टरनी खिशातून पेन काढलं, चिकटपट्टीचा तुकडा फाडला आणि त्यावर लिहून बाटलीला लावला: ‘एक वर्षाच्या आत नाही. सहा वेळा.’ मग कपाट बंद करून किल्ली कमरेला लावली.

“आता तरी एक सुई द्या, मॅडम,” सुभद्रा डोळे पुसत म्हणाली. “माका. गुडघो दुखता.”

“कशावरून?” दुर्वाने विचारलं.